इम्युलेटरचा पडदा आणि मराठी अक्षर : दोषनिदानाच्या एका रूढ रीतीची समीक्षा

मोबाईल फोनवर चालावयाचे ॲप तयार करणारा मनुष्य आपली रचना प्रथम पाहतो ती प्रत्यक्ष फोनवर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर उभ्या केलेल्या एका मानीव फोनवर. या मानीव फोनाला इम्युलेटर म्हणतात. त्याची लांबीरुंदी, त्याची स्मृती, त्याच्या पडद्याची घनता ही सर्व आपण ठरवून द्यावयाची असतात, आणि मग तो जणू खराच फोन असल्याप्रमाणे वागू लागतो. या पडद्यावर काही विपरीत दिसले, म्हणजे अक्षर तुटले, चित्र काळवंडले किंवा ओळ कापली गेली, की ‘ग्राफिक्सची सेटिंग बदला’ असा सल्ला सरसकट दिला जातो. प्रस्तुत टिपणात या सल्ल्याचा विचार करावयाचा आहे. भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने या यंत्रविषयात का पडावे, अशी शंका काही वाचकांना येईल. तिचे उत्तर पुढील विवेचनात यथावकाश मिळेल.

प्रसंग असा. हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी गेल्या वर्षी आमच्याकडे आला. त्याने हळदीच्या लागवडीची कामे व त्यांच्या वेळा सांगणारे एक लहानसे ॲप रचले होते. हिंगोली आणि वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ असल्याने विषयाची निवड योग्यच होती. त्याची तक्रार तिहेरी होती. पहिली, ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पडद्यावर ‘शेतकर्यांना’ असा दिसे. दुसरी, ‘त्यांचे’ असे लिहिलेले ‘त्याचे’ असे वाचले जाई. अनुस्वार जणू गळून पडे. तिसरी, यादी वर सरकवताना पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात काळे चौकोन उमटत. “सर, कम्प्युटरवाल्या दादांनी सांगितलं, तिन्ही एकच आहे, ग्राफिक्स बिघडलंय,” असे तो म्हणाला. दादांच्या सांगण्यावरून त्याने ग्राफिक्सचा पर्याय ‘हार्डवेअर’वरून ‘सॉफ्टवेअर’वर नेला. काळे चौकोन गेले, पण इम्युलेटर इतका मंद झाला की बोट फिरवल्यानंतर ओळ सरकावयास कित्येक क्षण लागत. पहिल्या दोन तक्रारी होत्या तशाच राहिल्या.

येथवरची हकीकत कोणत्याही महाविद्यालयात घडेल अशीच आहे. आम्ही तिच्याकडे विशेष लक्ष दिले ते पुढच्या गोष्टीमुळे. सेटिंग बदलूनही अक्षर सुधारत नाही असे पाहून त्या विद्यार्थ्याने भाषाच बदलावयास घेतली होती. ‘शेतकऱ्यांना’ काढून ‘शेतकरी बंधूंस’ घातले. ‘सऱ्या पाडाव्यात’ याचे ‘सरी पाडावी’ झाले. ‘बऱ्याच ठिकाणी’ याचे ‘खूप ठिकाणी’ झाले. ज्या शब्दात ऱ्य येतो तो शब्दच तो टाळू लागला होता. यंत्रातील दोषाचे निदान चुकले आणि त्याचा दंड मराठीने भरला, असा हा प्रकार आहे. या एका ॲपपुरती गोष्ट असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण नंतर आम्ही इतर काही ॲपांची मराठी या दृष्टीने चाळून पाहिली, तेव्हा ‘ऱ्य’ विरळ असलेली, विचित्रपणे सपाट वाटणारी वाक्ये पुष्कळ आढळली. ती सर्व याच कारणाने झाली असे म्हणण्यास पुरावा नाही. शंकेस मात्र जागा आहे.

निदान कसे चुकले हे कळण्यासाठी, लिहिलेला शब्द डोळ्यांपर्यंत कोणत्या टप्प्यांनी येतो ते थोडक्यात पाहिले पाहिजे. प्रथम कळफलकावरून वर्णांची संकेतांकमाला नोंदली जाते. दुसऱ्या टप्प्यात अँड्रॉइडमधील आकारयोजना करणारा भाग, जो हार्फबझ या नावाने ओळखला जातो, ती माला वाचून कोणती जोडाक्षरे करावयाची, रेफ कोठे ठेवावयाचा, वेलांटी कोणत्या बाजूस न्यावयाची हे टंकाच्या साहाय्याने ठरवतो. तिसऱ्या टप्प्यात ते आकार पिक्सेलांत रंगवले जातात आणि पडद्याचे चित्र तयार होते. इम्युलेटरमध्ये हे रंगकाम यजमान संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाकडून करवून घेता येते, किंवा स्विफ्टशेडर या प्रणालीच्या द्वारे मुख्य प्रक्रियकाकडूनच करवता येते. ‘हार्डवेअर’ आणि ‘सॉफ्टवेअर’ या दोन पर्यायांत फरक आहे तो एवढाच. ‘ऑटोमॅटिक’ म्हटले म्हणजे दोहोंतील निवड इम्युलेटर स्वतः करतो. चौथा टप्पा बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. तयार झालेले चित्र संगणकाच्या खिडकीत मावावे म्हणून लहान केले जाते. प्रत्यक्ष फोनात या चौथ्या टप्प्याला जागाच नाही.

म्हणजे ग्राफिक्सची सेटिंग ही तिसऱ्या टप्प्यावरील गोष्ट आहे. पहिल्या, दुसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावरील दोष तिने कसा जावा? परंतु पडद्याकडे पाहणाऱ्यास चारही टप्प्यांचा परिणाम एकदमच दिसतो, आणि दिसते ते सर्व ‘ग्राफिक्स’ असे तो म्हणू लागतो.

येथे भाषाविज्ञानाची एक जुनी रीत उपयोगी पडते. दोन ध्वनी एकाच वर्णाची रूपे आहेत की दोन निराळे वर्ण आहेत, हे ठरवताना आपण त्यांचे वितरण पाहतो. कोणता ध्वनी कोणत्या परिसरात येतो आणि कोणत्या परिसरात येत नाही याची नोंद करतो. दोषाच्या बाबतीतही तेच करावे. ग्राफिक्स कार्डाला किंवा त्याच्या ड्रायव्हरला मराठी कळत नाही. त्याच्यापुढे येतात ते केवळ आकार. तो बिघडला तर ‘क’ बिघडेल, ‘ऱ्य’ बिघडेल, रोमन लिपीतील अक्षरही बिघडेल आणि शेजारचे हळदीचे चित्रही बिघडेल. जो दोष निवड करतो, ‘ऱ्य’ला गाठतो आणि ‘ग्य’ला सोडतो, तो ग्राफिक्सचा असू शकत नाही. म्हणून विचारावयाचा प्रश्न हा : यादी वर सरकवली असता दोष शब्दाबरोबर हलतो, की पडद्यावरील जागेला चिकटून राहतो? शब्दाबरोबर हलत असेल तर तो पहिल्या दोन टप्प्यांवर शोधावा. जागेशी निगडित असेल, किंवा सरकवतानाच उमटत असेल, तर तिसऱ्यावर. आणि खिडकी लहानमोठी केल्याने तो कमीजास्त होत असेल तर तो चौथ्या टप्प्यावरचा, म्हणजे वस्तुतः फोनाचा दोषच नव्हे.

विद्यार्थ्याची पहिली तक्रार या कसोटीला लावून पाहू. ‘शेतकर्यांना’ हे रूप यादीत कोठेही नेले तरी तसेच राही, आणि ‘आचार्य’ हा शब्द मात्र अगदी बिनचूक दिसे. यावरून आकारयोजना शाबूत होती हे उघड झाले. तिला जे सांगितले तेच ती करीत होती. दोष पहिल्याच टप्प्यावर होता. त्याने र, हलन्त व य असे क्रमाने टंकले होते, आणि या क्रमाचे फळ रेफच होय. मराठीचा ऱ्य हवा असेल तर युनिकोडमध्ये ०९३१ या संकेतांकाचा ऱ, मग हलन्त, मग य असे लिहावे लागते. हा ऱ मुळात द्राविड भाषांतील दंतमूलीय रकार देवनागरीत लिहिण्यासाठी योजलेला आहे. त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीचा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र, अशी व्यवस्था लावलेली आहे. ही व्यवस्था फार सुंदर आहे असे आमचे मत नाही. मराठी मनुष्याला ‘शेतकरी’ या शब्दात जो र दिसतो तोच ‘शेतकऱ्यांना’ या रूपातही असतो. अनेकवचन करताना त्याने र सोडून दुसराच वर्ण टंकावा ही अपेक्षा रूपविचाराशी विसंगत आहे. पण ती ज्ञात आणि स्थिर आहे, आणि तिचा ग्राफिक्सशी काडीइतकाही संबंध नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ या जोड्यांत सागर व डोंगरातील खोलगट जागा, गुरुजन व स्वयंपाकी इतका अर्थभेद या एका खुणेवर उभा आहे. तो सेटिंगच्या एखाद्या कळीने मिळेल असे समजणे, उच्चारदोष चष्मा बदलून सुधारू पाहण्यासारखे आहे.

दुसरी तक्रार अधिक उद्बोधक होती, कारण येथे आम्हीही प्रथम चुकलो. अनुस्वार गळतो म्हणजे टंक सदोष असावा असे आम्ही धरून चाललो आणि दोन दिवस टंक बदलून पाहण्यात घालवले. खरे कारण साधे निघाले. मानीव फोन १०८० × २४०० पिक्सेलांचा व ४२० घनतेचा होता. विद्यार्थ्याचा संगणक १३६६ × ७६८ पिक्सेलांचा. अँड्रॉइडमध्ये १६० घनता हे मूलमान धरतात. म्हणून ४२० घनतेवर १४ मापाचे अक्षर सुमारे ३७ पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसते, आणि त्यातील अनुस्वाराच्या टिंबास जेमतेम चारपाच पिक्सेल मिळतात. आता २४०० पिक्सेलांची उंची संगणकाच्या खिडकीतील सुमारे ६४० पिक्सेलांत बसवावयाची म्हणजे सर्व काही पावणेचारपट आकसले. चार पिक्सेलांचे टिंब एका फिकट पिक्सेलावर आले आणि शिरोरेषेच्या छायेत लुप्त झाले. शिवाय तो इम्युलेटर ॲप लिहिण्याच्या स्टुडिओतीलच एका बाजूच्या पट्टीत उघडत असे; त्यामुळे जागा आणखी कमी झाली होती.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. इम्युलेटरच्या पट्टीवरील कॅमेऱ्याच्या खुणेने पडद्याचे छायाचित्र घ्यावे. ते खिडकीच्या नव्हे तर मानीव फोनाच्या पूर्ण मापाने जतन होते. ते उघडून मोठे करून पाहिले तेव्हा ‘त्यांचे’ मधील टिंब जागच्या जागी होते. हे छायाचित्र आम्हाला या सर्व प्रकरणातील सर्वांत उपयुक्त साधन वाटले. ग्राफिक्सविषयीच्या कोणत्याही सल्ल्यात ते पहिल्या क्रमांकावर असावयास हवे होते, पण आम्ही जे सल्ले पाहिले त्यांत ते कोठेच नव्हते. रोमन लिपी वाचणाऱ्याला त्याची गरज तितकीशी भासत नाही हे त्याचे कारण असावे. इंग्रजीत ‘आय’वरील टिंब दिसले नाही तरी अक्षर ओळखू येते. मराठीत टिंब गेले की ‘त्यांचे’ चे ‘त्याचे’ होते. अनेकवचन तर जातेच, आणि आदरार्थी प्रयोग असेल तर मानही जातो. वडीलधाऱ्या शेतकऱ्याला ॲपने एकेरीत संबोधावे हे कळमनुरीकडे काय किंवा कोठेही काय, चालण्यासारखे नाही.

खिडकीच्या या दोषावर उपाय दोन. स्टुडिओच्या सेटिंगमधून इम्युलेटर स्वतंत्र खिडकीत उघडावा आणि हवा तो भाग मोठा करून पाहावा. अथवा अक्षरपरीक्षेपुरता एक लहान मानीव फोन, समजा ४८० × ८०० पिक्सेलांचा व २४० घनतेचा, निराळा निर्माण करावा. दुसरा उपाय आम्हास अधिक पसंत आहे, कारण कमी घनतेच्या पडद्यावर जे अक्षर वाचता येते ते जास्त घनतेवर बहुधा वाचता येतेच. फक्त घनता व लांबीरुंदी यांचा मेळ राखावा. मोठ्या पडद्याला हलक्या घनतेचा आकडा लावून ठेवला की अक्षरे मुंगीएवढी होतात, आणि मग तोही ग्राफिक्सचा बिघाड म्हणून नोंदला जातो.

तिसरी तक्रार तेवढी खरोखर ग्राफिक्सची होती. काळे चौकोन शब्द पाहत नव्हते, लिपी पाहत नव्हते, चित्रावरही येत. छायाचित्रातही ते दिसत, म्हणजे दोष खिडकीचा नव्हता. ‘सॉफ्टवेअर’ पर्यायाने ते जात, म्हणजे दोष ड्रायव्हरचा होता. येथवर दादांचा सल्ला यथार्थ होता हे मान्य केले पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो त्या पर्यायास उपचार समजण्यास. तो निदानाचा प्रयोग आहे. प्रयोगाने दोषी कोण ते कळले की ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याकडून अद्ययावत करून घ्यावा आणि पुन्हा ‘हार्डवेअर’वर यावे. विंडोजवर एक मधला मार्गही आहे : इम्युलेटरच्या विस्तारित सेटिंगमध्ये रंगकाम कोणी करावे याची जी यादी असते तीतून अँगल निवडावा. हा अँगल ओपनजीएलच्या आज्ञांचे डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञांत भाषांतर करतो, आणि पुष्कळदा डळमळीत ड्रायव्हरही हे भाषांतर नीट समजतो. बदल केल्यावर मात्र इम्युलेटर कोल्ड बूट करावा. नेहमीच्या उघडण्यात तो मागील स्थितीच जशीच्या तशी पुढे आणतो, आणि बदल करूनही काही झाले नाही असा ग्रह होतो. आमच्या विद्यार्थ्याने दोनदा योग्य पर्याय निवडून दोनदा तो निरुपयोगी म्हणून सोडला होता, तो या कारणाने.

मंदपणाविषयी एक घोटाळा जाता जाता दूर केला पाहिजे. प्रक्रियकाचे साह्य आणि ग्राफिक्सचे साह्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिल्यासाठी विंडोजवर पूर्वी इंटेलचा हॅक्सम बसवीत. त्याचा विकास २०२३ साली थांबवण्यात आला असून आज ते काम विंडोजच्या स्वतःच्या हायपरवायझरवर सोपवता येते. तरीही जुन्या सूचनांच्या प्रती फिरत आहेत, आणि विद्यार्थी हॅक्समच्या शोधात दिवस घालवतात. हे साह्य नसेल तर इम्युलेटर कूर्मगतीने चालतो आणि चित्र अडखळते. पण अक्षर चुकत नाही. स्टुडिओ व इम्युलेटर दोन्ही चालवण्यास १६ जीबी स्मृती असावी असे निर्मात्यांचे सांगणे आहे. आमच्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांच्या संगणकात ८ जीबी असते, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्या तक्रारी ऐकाव्यात.

यंत्रापुढे लिपीने वाकण्याचा प्रसंग मराठीवर प्रथमच आलेला नाही. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी एके काळी छापली जात होती. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची खूण अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे सुचवले होते; ते टिकले नाही. टंकलेखन यंत्राच्या सोयीसाठी जोडाक्षरे फोडण्याची सूचना तर अनेकांनी केली. या सर्वांशी मतभेद असू शकतो, पण त्यांची अडचण खरी होती : यंत्राला त्या काळी ते अक्षर काढता येतच नव्हते. आजची स्थिती उलट आहे. २०१४ सालच्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही प्रणालीची भाषा म्हणून दाखल झाली. ऱ्य, रेफ, अनुस्वार सर्व काही यंत्राला येते. येत असूनही आपण केवळ चुकीच्या निदानामुळे शब्द टाकून देत असू, तर मागील पिढीच्या सुधारकांच्या मानाने आपली स्थिती अधिक शोचनीय आहे.

‘इम्युलेटर’ला मराठी प्रतिशब्द कोणता, असे आम्हाला विचारले गेले. ‘अनुकारक’ सुचतो, परंतु बोलीत तो रुळेल असे वाटत नाही. ‘नक्कल’ हा शब्द मात्र विचार करण्याजोगा आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ नांदतात. तलाठ्याकडून सातबाराची नक्कल मिळते, ती विश्वासार्ह. बहुरूपी अंमलदाराची नक्कल करतो, ती करमणुकीची. इम्युलेटर संकेतांक व आकारयोजना यांच्या बाबतीत पहिल्या प्रकारची नक्कल आहे, कारण तेथे तीच अँड्रॉइड प्रणाली काम करते. रंगकाम आणि खिडकीतील दर्शन यांबाबतीत तो दुसऱ्या प्रकारचा आहे. वेष फोनाचा असला तरी अंग संगणकाचे असते. हा भेद एकदा मनात ठसला की कोणत्या बाबतीत त्याची साक्ष मानावी हे आपोआप कळते.

ॲप रचणाऱ्यांसाठी अँड्रॉइडमध्ये भाषापरीक्षेची जी तयार साधने आहेत त्यांविषयीही समाधान मानता येत नाही. दोन मानीव भाषा तेथे पुरवलेल्या आहेत : एकीत इंग्रजी शब्द स्वरचिन्हे लावून लांबवलेले असतात, दुसरीत लेखनाची दिशा उजवीकडून डावीकडे फिरवलेली असते. लांबी आणि दिशा यांची परीक्षा होते. जोडाक्षराची, रेफाची, अक्षराखालील उकाराची होत नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना एक शब्दपंक्ती दिली आहे : शेतकऱ्यांना, आचार्यांनी, आचाऱ्यांनी, कुऱ्हाड, त्यांचे, त्याचे, दृष्टी, मूर्तींची, ट्रॅक्टर, लिंबू. ही पंक्ती साध्या मापात आणि मग अक्षरे मोठी करून पाहावी. अँड्रॉइडच्या २०२३ सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून अक्षरे दोनशे टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, आणि वयस्क वापरणारे ती वाढवतातच. अशा वेळी ओळीची उंची ठराविक आकड्याने बांधलेली असली की ‘मूर्तींची’ मधील रेफ व अनुस्वार वरून आणि दीर्घ ऊकार खालून कापला जातो. हा दोष शब्दाबरोबर हलतो, पण ठेंगणी चौकट सैल करताच जातो. तो रचनेचा आहे, टंकाचाही नाही आणि ग्राफिक्सचाही नाही.

‘ल’ व ‘श’ यांचा प्रश्न याहून निराळा आहे. मराठीत पाकळीचा ल व देठाचा श रूढ, हिंदीत दुसरे. ज्या टंकात दोन्ही आकार अंतर्भूत असतात त्यात मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्यासच मराठी आकार येतात. इम्युलेटरची भाषा विद्यार्थ्याने मराठी केलेली होती, त्यामुळे तेथे हा भेद त्याच्या कधी दृष्टीस पडला नाही. त्याच्या वडिलांच्या फोनाची भाषा इंग्रजी, आणि तेथे ल निराळा दिसला. आता मजकुराची भाषा ॲपमध्येच मराठी म्हणून नोंदली आहे. ‘शेतकरी बंधूंस’ काढून ‘शेतकऱ्यांना’ परत आले, ‘बऱ्याच’ही आले. ‘सरी पाडावी’ मात्र आम्ही शेवटी पाहिले तेव्हा तसेच होते. ते बदलावयाचे राहून गेले असे तो म्हणाला.